जुन्या डेस्कटॉपला किती पैसे घालावेत?



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून असल्या मंचांवर धर्म, राजकारण, शेती, साहित्य सगळं बोलून झालं आहे. कॅबिनेटमधल्या धुळीवर बहुधा कुणी बोललं नसावं. ते काम आज माझ्याकडे आलंय.

प्रश्न रोजचा आहे. घरात जुना डेस्कटॉप पडून आहे. मुलाला किंवा मुलीला सुट्टीत थोडं खेळायचंय. माइनक्राफ्ट, एखादी गाड्यांची शर्यत, असलं काही. नव्या संगणकाची ऐपत नाही, किंवा ऐपत असली तरी दहा वर्षांच्या पोरासाठी एवढे पैसे घालायला मन होत नाही. मग आहे त्यालाच धड करता येईल का?

ही मशिनं आपल्याकडे आली कशी, ते थोडक्यात सांगतो. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा होऊन आपला गोंदिया जिल्हा झाला. २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं, पाठोपाठ त्यांचं एमएस-सीआयटी हे संगणकाचं प्रमाणपत्र आलं, सरकारी नोकरीला ते लागू लागलं, आणि तालुक्या-तालुक्यात संगणकाचे क्लास निघाले. क्लास केला की घरी सरावाला मशीन हवं. गोंदियात नाहीतर नागपूरला सीताबर्डीवर जाऊन लोकांनी जोडून घेतलेली मशिनं आणली. आज दुरुस्तीला माझ्या टेबलावर येतात ती बहुतेक २०११ ते २०१३ च्या सुमाराची असतात. एच ६१ चा मदरबोर्ड, दुसऱ्या पिढीचा आय-३, चार जीबी रॅमची एकच पट्टी, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि जाड निळ्या पिनेचा, म्हणजे व्हीजीएचा मॉनिटर. माझं आजचं बोलणं या मशिनाला धरून आहे. ज्यांच्याकडे त्याहून जुनं, कोअर टू ड्युओ वगैरे आहे, त्यांना स्पष्टच सांगतो: त्यात पैसे घालू नका.

आमगावकडचे एक गुरुजी असंच मशीन घेऊन आले होते. म्हणाले, "पोट्टं मोबाईल सोडत नाही जी. म्हटलं याच्यावर खेळू दे, निदान बैठकीत डोळ्यांसमोर तरी राहील." एका दुकानात त्यांना सांगितलं होतं की बोर्ड, प्रोसेसर, रॅम, सगळंच बदला आणि वर ग्राफिक कार्ड टाका. त्या यादीची बेरीज नव्या मशिनाच्या जवळ जात होती. मी विचारलं, मुलगा खेळतो काय? ते त्यांना माहीत नव्हतं. मुलाला फोन लावला. तो म्हणाला, माइनक्राफ्ट, आणि मित्राकडे आहे तेच.

दुकानात जायच्या आधी विचारायचा प्रश्न हाच आहे. खेळ कोणता, हे ठरल्याशिवाय कोणता भाग घ्यायचा हे ठरत नाही. आणि दुसरा प्रश्न, अडतं कुठं? इथं बसलेल्यांपैकी निम्म्यांचा राईस मिलशी काही ना काही संबंध असेल. शेलर ताशी दोन टन धान सोलतो आणि पॉलिशर एकच टन घेतो, तर दुसरा शेलर आणून तांदूळ वाढेल का? पॉलिशरपुढं ढीग तेवढा वाढेल. संगणकाचं तसंच आहे. सगळ्यात हळू भाग कोणता ते पाहायचं आणि पैसा तिथं घालायचा.

ते पाहायला पैसे लागत नाहीत. विंडोज १० मध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या परफॉर्मन्सच्या पानावर प्रोसेसर, मेमरी, डिस्क असे आलेख दिसतात. मशीन नुसतं सुरू होऊन बसलेलं असतानाही डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांवर चिकटलेला असेल, तर दोष हार्ड डिस्कचा आहे. मेमरीवर टिचकी मारली की रॅमचे स्लॉट किती आणि त्यातले भरलेले किती, तेही तिथंच लिहिलेलं असतं. गुरुजींच्या मशिनात डिस्क शंभर, मेमरी नव्वदच्या वर आणि दोनपैकी एक स्लॉट रिकामा होता. प्रोसेसर मात्र निवांत होता. म्हणजे ज्याला सगळ्यात आधी बदलायला सांगितलं होतं, तोच बिचारा कामावाचून बसला होता.

हार्ड डिस्क का अडते? आतली तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. वाचणारं टोक एका जागेवरून दुसऱ्या जागी जाईपर्यंत आणि तबकडीवरचा हवा तो तुकडा फिरून खाली येईपर्यंत दहा-पंधरा मिलिसेकंद जातात. त्यामुळे इकडचे-तिकडचे तुकडे वाचायचे झाले तर सेकंदाला शंभराच्या आसपासच होतात. विंडोज सुरू होताना असे हजारो तुकडे मागते. हार्ड डिस्कचंच काम करणाऱ्या एसएसडीमध्ये फिरणारं काही नाही, ती सेकंदाला हजारोंनी तुकडे देते. इथं दुकानदार एक शंका काढतात की एच ६१ बोर्डावर साटाचा जुना, कमी वेगाचा पोर्ट आहे, एसएसडीचा उपयोग होणार नाही. पोर्ट जुना आहे हे खरं, एसएसडीचा वेग तिथं निम्म्यावर येतो. पण आपल्याला जाणवतो तो सलग वाचण्याचा वेग नसतो, तुकडे शोधण्याचा असतो, आणि तो फायदा पुरेपूर मिळतो. २४० किंवा २५६ जीबीची साधी साटा एसएसडी घ्या. जुनी हार्ड डिस्क काढू नका, फोटो-सिनेमांसाठी तिथंच राहू द्या. साटाची डेटा केबल आणि विजेचं रिकामं टोक आहे का, एवढं झाकण उघडून आधी बघा, नाहीतर पाच वाजता दुकान गाठावं लागतं.

रॅमबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण तिथं फसायला जागा आहे. ज्या मशिनाला वेगळं ग्राफिक कार्ड नाही, तिथं चित्र काढायचं काम प्रोसेसरमधलाच एक भाग करतो आणि त्यासाठी तो तुमच्या रॅममधूनच वाटा घेतो. चार जीबीची एकच पट्टी असेल तर दोघंही एकाच वाटेनं जातात. १३३३ च्या डीडीआर-३ पट्टीची वाट सेकंदाला साधारण १०.६ जीबीची. तशीच दुसरी पट्टी शेजारच्या स्लॉटमध्ये बसवली की दोन वाटा होतात, २१ जीबीच्या वर. म्हणजे चाराचे आठ जीबी झाले एवढाच फायदा नाही, खेळातलं चित्र अडखळायचंही कमी होतं. तेव्हा एक मोठी पट्टी घेण्यापेक्षा आहे तिच्या जोडीची घ्यावी. आणि ऑनलाइन फार स्वस्तात ८ जीबीची डीडीआर-३ पट्टी दिसली तर बारीक अक्षरं वाचा. 'फक्त एएमडीसाठी' असं लिहिलेल्या पट्ट्या मिळतात, त्या आपल्या इंटेलच्या बोर्डावर चालतच नाहीत. मशीन नुसतं बीप-बीप करत बसतं.

बीपवरून सांगतो. मशीन बीप देऊन थांबलं म्हणजे ते मेलं असं नाही. वीज काढा, रॅमची पट्टी उपसा, तिच्या सोनेरी दातांवरून शाळेतलं खोडरबर हलकं फिरवा, मऊ कापडानं पुसा आणि कट्ट आवाज होईपर्यंत पुन्हा बसवा. आपल्या दमट पावसाळ्यानंतर कितीतरी मशिनं एवढ्यावर उठतात. तारीख-वेळ रोज मागं जात असेल तर बोर्डावरचा सीआर २०३२ सेल बदला, तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

आता धूळ. गुरुजींच्या कॅबिनेटचं झाकण काढलं तर प्रोसेसरच्या पंख्याखाली, हीटसिंकच्या पात्यांमध्ये, करड्या रंगाची चांगली जाड गादी बसली होती. वस्ती मिलजवळची, त्यामुळं त्या गादीत कोंड्याची भुकटी होती. एसएमपीएसच्या, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, मागच्या जाळीत एक वाळलेली पाल. पाल आत शिरते उबेला आणि दोन टोकांना एकदम टेकली की तीही जाते आणि कधीकधी एसएमपीएसही. मागच्या बाजूला कार्डांच्या ज्या रिकाम्या फटी असतात, त्यांना पत्र्याच्या पट्ट्या लावून घ्या. पट्ट्या दुकानात फुकट मिळतात. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवायचं. वाऱ्यानं तो वाटेल तसा गरगरला तर त्याचं बेअरिंग जातं. मग हीटसिंक उतरवून खालची सुकलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावायची, वाटाण्याएवढी, लोण्यासारखी फासायची नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो. खोलीच तापलेली असताना सुकलेली पेस्ट आणि धुळीची गादी असेल तर प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करतो. मुलगा म्हणतो, सकाळी गेम चांगला चालतो, दुपारी अटकतो. तो खरं बोलत असतो.

गुरुजींचं काम इथं संपायला हवं होतं. एसएसडी, रॅम, साफसफाई. मशीन अर्ध्या मिनिटात सुरू व्हायला लागलं. पण माइनक्राफ्ट उघडेना. याचं कारण मला आवडतं, कारण ते वेगाचं नाहीच. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीला १.१७ पासून, म्हणजे २०२१ पासून, ओपनजीएल ३.२ लागतं. चित्र काढायच्या भाषेचा तो किमान दर्जा समजा. दुसऱ्या पिढीच्या आय-३ मधलं एचडी २००० ग्राफिक विंडोजवर ३.१ पर्यंतच जातं. एका दशांशानं अडलं! लाँचरमधून खेळाची जुनी आवृत्ती निवडायची सोय आहे, पण मित्र नव्या आवृत्तीवर खेळत असतील तर मुलाला ती नको असते.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, त्याच बोर्डावर तिसऱ्या पिढीचा जुना आय-५ बसवायचा, उदाहरणार्थ ३४७०. खाच तीच, ११५५ पिनांची. त्याच्या आतलं एचडी २५०० ग्राफिक ओपनजीएल ४.० चालवतं, शिवाय दोनाच्या जागी चार कोअर मिळतात. कार्यालयांतली मशिनं निघाली की असे प्रोसेसर बाजारात येतात, आणि जुन्या मालात बेधडक घ्यावी अशी ही एकच वस्तू मला वाटते, प्रोसेसर सहसा खराब होत नाही. मात्र बोर्डाचं बायोस जुनं असेल तर आधी, जुना प्रोसेसर आत असतानाच, ते अद्ययावत करायचं. आणि बसवताना बोर्डावरच्या पिनांना बोट लागू द्यायचं नाही. एक पीन वाकली की बोर्ड गेला.

दुसरा उपाय फुकटचा आहे. विंडोज काढून लिनक्स मिंट टाकायचं. लिनक्सवरचे ग्राफिकचे ड्रायव्हर त्याच एचडी २००० कडून ओपनजीएल ३.३ पर्यंतचं काम करून घेतात. तेच मशीन, तोच आय-३, आणि खेळ उघडतो. लोण्यासारखा चालेल असं मी म्हणत नाही. खेळाच्या सेटिंगमध्ये दूरचं दृश्य कमी करावं लागतं.

लिनक्सचं नाव काढलं की पालकांचे चेहरे उतरतात, पण विंडोजचं पाहा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. वाढीव सुरक्षा-दुरुस्त्यांची घरगुती योजना आली तिची जाहीर मुदत १३ ऑक्टोबर २०२६. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आपल्या मशिनाला ते अधिकृतपणे मिळणार नाही. आडमार्गानं टाकून देणारे आहेत. 'अॅक्टिव्हेट करून देतो' म्हणणारेही आहेत. ज्या मशिनावर घरातलं कुणी बँकेचा व्यवहार करतं, त्यावर मी ते करणार नाही. लिनक्सवर स्टीम हे खेळांचं ऑनलाइन दुकान चालतं, २०१८ पासून त्यातल्या प्रोटॉनमुळं विंडोजचे कितीतरी खेळ त्यावर चालतात. सुपरटक्सकार्ट ही शर्यत फुकट आहे, आणि माइनक्राफ्टसारखाच ठोकळ्यांचा लुआंटी, ज्याचं नाव आधी माइनटेस्ट होतं, तोही फुकट. मात्र मुलाला रोब्लॉक्सच हवा असेल तर तो लिनक्सवर अधिकृतपणे चालत नाही. म्हणून म्हटलं, खेळ आधी विचारा.

ग्राफिक कार्ड मी मुद्दाम शेवटी ठेवलंय, कारण लोक तिथूनच सुरुवात करतात. जीटी ७१० सारखं कार्ड नावालाच कार्ड, ते घेऊ नका. घ्यायचंच तर जीटी १०३० किंवा वापरलेलं जीटीएक्स १०५० टीआय. पहिलं ३० वॅटचं, दुसरं ७५ चं. बोर्डाच्या स्लॉटमधून ७५ वॅटच मिळतात, त्यामुळं १०५० टीआयची वेगळी वायर नसलेली आवृत्ती बघायची. १०३० मध्येही एक गोम आहे. तेच नाव, पण डीडीआर-४ मेमरीवालं कार्ड जीडीडीआर-५ वाल्यापेक्षा बरंच हळू. खोक्यावर वाचून घ्या. दोन्हींचे नवे गेम-ड्रायव्हर एनव्हिडियानं ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले, सुरक्षेच्या दुरुस्त्या २०२८ पर्यंत आहेत. लहान मुलाच्या खेळाला त्यानं फारसं बिघडत नाही, पण भाव करताना बोलून दाखवा.

आणि कार्ड आणलं की घरी गेल्यावर कळतं, मॉनिटरची निळी पीन लावायला त्यावर जागाच नाही. या कार्डांवर व्हीजीए नसतं. मधे एचडीएमआयचं व्हीजीए करणारा, आत सर्किट असलेला कन्व्हर्टर लागतो, नुसती बदलाची पीन चालत नाही. वापरलेल्या कार्डात लबाडीही होते. जुनाट चिपवर नवं नाव भरून १०५० टीआय म्हणून विकतात. जीपीयू-झेड नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

कार्ड घालायच्या आधी एसएमपीएसचा स्टिकर वाचा. वर मोठ्या अक्षरात ४५० वॅट असतं, त्याकडे पाहू नका. खाली बारा व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते पाहा आणि बारानं गुणा. १४ अँपिअर असतील तर १६८ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड मुख्यतः त्याच बारा व्होल्टवर चालतात. गिनचुन १४ अँपिअरवर आय-५ आणि १०५० टीआय दोन्ही चालवणं मी टाळीन.

विजेचीच आणखी एक गोष्ट, आणि इथं माझं म्हणणं जरा कडक आहे. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात ना? आपल्याकडच्या कितीतरी घरांत येतात, आणि लोक चप्पल घालून बसतात. एसएमपीएसमध्ये गोंगाट गाळायला जे कपॅसिटर असतात ते अर्थिंगच्या वायरला जोडलेले असतात. घराला अर्थिंगच नसेल तर पत्र्यावर जवळपास निम्मं व्होल्टेज येऊन राहतं. प्रवाह अगदी थोडा असतो, पण लहान मूल, ओली फरशी आणि अंगावर पत्रा, हे मला नको वाटतं. रॅमचे पैसे मागं ठेवा, आधी इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग करून घ्या. आणि पावसाळ्यात वीज कडाडायला लागली की प्लगबरोबर इंटरनेटची केबलही काढा. प्लग काढलेला आणि केबल लावलेली, असे जळालेले बोर्ड दरवर्षी येतात.

खर्चाचा आकडा मी सांगत नाही. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव असे चढलेत की आजचा आकडा छापून येईपर्यंत खोटा ठरेल. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडं मेमरी वळली आणि डिसेंबर २०२५ मध्ये तर मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉननं क्रूशियल हा घरगुती ग्राहकांचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्याची झळ आमगावच्या गुरुजींपर्यंत पोचते. मी लोकांना एक प्रमाण सांगतो. आठव्या पिढीचा आय-५ असलेलं, कार्यालयातून निघालेलं, बिल आणि वॉरंटीसह मिळणारं रिफर्बिश्ड मशीन आज कितीला आहे ते विचारा. जुन्यावरचा खर्च त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर जायला लागला की थांबा आणि ते मशीन घ्या. त्यावर विंडोज ११ ही चालतं. फक्त ती कॅबिनेटं बारीक असतात, पुढं कार्ड घालायचं झालं तर कमी उंचीचंच बसतं.

गुरुजींनी प्रोसेसर घेतला. लिनक्सचं म्हणाले, पुढच्या सुट्टीत बघू. मुलगा मशीन न्यायला सोबत आला होता, त्याला मी रॅमची पट्टी काढून पुन्हा बसवायला लावली. दोनदा उलटी धरली त्यानं, मग मधली खाच बघून सुलटी केली.

मशीन मुलाच्या हाती देताना आणखी एक खबरदारी. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं बंदी आली आहे, पण माइनक्राफ्ट-रोब्लॉक्समधली खरेदी त्यात येत नाही. तेव्हा त्या मशिनावर आपलं बँकेचं कार्ड किंवा यूपीआय साठवून ठेवू नका.

चिठ्ठ्या आल्या आहेत, त्यातली एकच घेतो, बाकीच्यांना नंतर भेटतो. विचारलंय, "जुन्या लॅपटॉपचं असंच करता येईल का?" अर्धं करता येईल. एसएसडी बहुतेक लॅपटॉपमध्ये बसते. रॅमचं झाकण उघडून बघा, काहींत ती बोर्डाला डाकलेली असते, मग आहे तेवढीच. ग्राफिक कार्ड विसरा. आणि बॅटरी फुगून टचपॅड वर उचललं गेलं असेल तर तो चार्जिंगला लावू नका, मुलाच्या हातात तर मुळीच देऊ नका, आधी बॅटरी काढून घ्या.